वीरआप्पाची चकाकी

नववीच्या वर्गात टॅबलेट बारा होते. त्यांतले नऊ चालू व्हायचे. त्या नवांपैकी दोनांची काच तडकलेली होती, पण बोट जरा जोरात दाबलं की तेही ऐकायचे. चार्जर सात. भिंतीवर प्लग लावायच्या जागा तीन, त्यांतल्या एकीखाली 'हात लावू नये' असं खडूनं लिहिलेलं. मुलं एकतीस, म्हणजे एका चालू टॅबलेटमागं तीन आणि वर चार शिल्लक. या चौघांनी कुठल्या गटात बसायचं यावरून रोज भांडण व्हायचं आणि रोज ते नव्यानं मिटवावं लागायचं. इतिहासाचे शिक्षक एक, कृष्णात सर. विज्ञानाची अतिथी शिक्षिका एक, ती मी.

आमची शाळा निपाणीपासून आत, तंबाखूच्या शिवारात आहे. सरकारी, मराठी माध्यमाची. टॅबलेट सरकारचे नव्हेत. बेंगळूरच्या एका संस्थेनं ते जूनमध्ये एका वर्षासाठी दिले होते, इतिहास शिकवायला म्हणून. खोकं आलं त्या दिवशी कृष्णात सरांनी एक टॅबलेट हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाले, "पाट्याच की ह्या. फुटल्या की महाग, एवढाच फरक." मग सगळे कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलेली, मला ते कुलूप बघवत नव्हतं. दोन आठवडे मागं लागून मी किल्ली मिळवली.

सरांचं मन बदललं ते जुन्या नकाशामुळं. त्यांच्याकडं गावाच्या जुन्या मोजणीच्या नकाशाची एक झेरॉक्स होती. मी तिचा फोटो काढून टॅबलेटवर उपग्रहाच्या चित्रावर ठेवला, अर्धवट पारदर्शक केला आणि मुलांना सांगितलं की देऊळ देवळावर आणि ओढा ओढ्यावर बसेपर्यंत सरकवा. बसला. तेव्हा दिसलं की बाजारातला रस्ता जिथं काही कारण नसताना वाकडा जातो, तिथं पूर्वी तळं होतं. तळं बुजलं, त्यावर दुकानं झाली, पण रस्ता अजून त्याला वळसा घालून जातोय. त्या दिवशी घंटा झाली तरी एकही मूल उठलं नाही. तळं कुणी बुजवलं, कधी, पाणी मग कुठून आणायचे, हे प्रश्न सरांच्या अंगावर एकामागून एक येत राहिले. सर शिक्षकांच्या खोलीत आले तेव्हा त्यांचा चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा झाला होता. त्यानंतर कपाटाला कुलूप लागलं नाही.

जानेवारीत संस्थेचा निरोप आला. शाळेचं वर्ष संपत आलं होतं. टॅबलेट पुढंही ठेवायचे असतील तर मुलांनी गावातल्या एका जुन्या वस्तूच्या त्रिमितीय मॉडेलसाठी स्वतः फोटो काढून पाठवायचे, मॉडेल संस्थेचं सॉफ्टवेअर तयार करणार. फोटो किमान शंभर, आणि त्यांतले दहापैकी आठ तरी एकमेकांशी जुळायला हवेत. मुदत रविवार रात्रीपर्यंत, निकाल सोमवारी सकाळी. नाही जमलं तर टॅबलेट दुसऱ्या शाळेला.

हेडमास्तरांनी निरोप वाचून दाखवला आणि मान खाली घातली. त्यांच्या मते टॅबलेट गेल्यातच जमा होते. कृष्णात सर मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, ह्या पाट्या गेल्या तर पोरं परत माझ्या तोंडाकडं बघत बसणार. माझं तोंड मला म्हाईत हाय."

वस्तू कुठली घ्यायची यावर वाद झाला नाही. गावात एकच जुनी वस्तू अशी होती की जिच्याभोवती चारी बाजूंनी फिरता येतं. बिरोबाच्या देवळासमोरच्या कट्ट्यावर एक वीरगळ उभा आहे, माझ्या खांद्याएवढा. वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. खालच्या चौकटीत तो लढताना दिसतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं बसलेला असतो. गावात त्याला वीरआप्पा म्हणतात. तो घोड्यावरून आलेल्या शत्रूशी लढून पडला असं कृष्णात सर दर वर्षी शिकवायचे, कारण खालच्या चौकटीत त्याच्या मागं घोडा आहे. वर्षानुवर्षांच्या तेलानं आणि काजळीनं दगड इतका काळा झाला होता की घोडा आहे हे सांगितल्यावरच दिसायचं.

पद्धत अवघड नाही. दगडाभोवती थोडं थोडं सरकत फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला बराचसा भाग यायला हवा. मग सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या फोटोंत सारखेच ठिपके शोधतं, कुठं टवका, कुठं डाग, आणि त्यावरून कॅमेरा कुठं कुठं उभा होता ते ठरवतं. कॅमेऱ्याच्या जागा कळल्या की दगडाचा आकार निघतो. वीरआप्पावर डाग आणि टवके भरपूर होते. मी गुरुवारी मुलांना हे सगळं समजावलं आणि शेवटी एक सूचना दिली, जी मला तेव्हा फार शहाणपणाची वाटली. दगडाची पूजा शालूबाईंच्या घराकडं आहे, तेव्हा उद्या आपण फोटो काढायला येतोय हे त्यांना आदरानं आधी सांगून ठेवा. शालूबाईंची नात रचना आमच्याच वर्गात. तिनं ते काम घेतलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही रांगेनं कट्ट्यापाशी पोचलो आणि वीरआप्पा लांबूनच दिसला, कारण तो चमकत होता. शालूबाईंनी पहाटे उठून त्याला आंघोळ घातली होती. मग गोडं तेल चोळलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. दगडातून तेल निथळून कट्ट्यावर आलं होतं. ऊन त्यावर पडून डोळे दिपत होते. शालूबाई नवं लुगडं नेसून शेजारी बसल्या होत्या.

मी त्यांचे आभार मानले. एवढा खटाटोप कशाला केला आजी, असंही म्हणाले. त्या म्हणाल्या, "लेकराचा फोटू काढायचा म्हटल्यावर आपण त्याचं त्वांड धुऊन, तेल लावून काढतोय का न्हाय? आनि ह्यो तर बेंगळूरला जानार."

आमच्या घरी बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावतात. दगडाला तेल घालायची पद्धत नाही. ती असती तर कदाचित मला वेळीच खटकलं असतं. मला वाटलं, बरं झालं, दगड स्वच्छ झाला. मुलांनी एकशे वीस फोटो काढले. मधेच सौरवनं दोनदा स्वतःचेच काढले, ते मी पुसले.

ते आम्ही संस्थेकडं चाचणीला पाठवले (अशी चाचणी शुक्रवारपर्यंतच करून मिळायची), आणि दुपारी तिचा निकाल आला. एकशे वीसपैकी चौदा जुळले होते. पडद्यावर जे उभं राहिलं ते उन्हात ठेवलेल्या गुळाच्या ढेपेसारखं होतं, आणि एका बाजूनं तिला दात आल्यासारखे दिसत होते. मग सौरव हळूच म्हणाला, "सर, वीरआप्पा इरघळला."

सर हसले नाहीत. त्यांनी डस्टर उचललं आणि कोरा फळा पुसायला लागले.

मी फोटो एकेक करून मोठे करून बघितले. प्रत्येकात दगडावर उन्हाचा एक पांढरा गोळा होता आणि प्रत्येकात तो वेगळ्या जागी होता. मुलांना हे नुसतं सांगण्यापेक्षा दाखवावं म्हणून मी स्वयंपाकघरातून स्टीलचा तांब्या मागवला, बाहेरून एक वीट आणली, आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात टेबलावर ठेवली. मग एकेकाला टेबलाभोवती फिरवलं. विटेवरचा टवका होता तिथंच राहायचा. तांब्यावरची चकाकी मात्र बघणाऱ्याबरोबर चालायची. सॉफ्टवेअरनं त्या चकाकीलाच डाग समजून मोजलं होतं, आणि डागच चालायला लागल्यावर त्याची पार फसगत झाली होती. म्हणजे दगड पुन्हा निस्तेज करायला हवा होता, तोही दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण शनिवारी शाळा अर्धा दिवस आणि रविवारी निम्मी मुलं तंबाखूच्या कामावर.

संध्याकाळी मी आणि सर शालूबाईंकडं गेलो. साबणाच्या पाण्यानं तेल काढू का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी बी.एस्सी. आहे हे मलाच खरं वाटेना. घातलेलं तेल आपण काढायचं नसतं. ते ऊन काढतं, नाहीतर पाऊस काढतो. पाऊस जूनमध्ये. मग मी दुसरा उपाय मांडला. कारखान्यात चकचकीत वस्तूंचं असं मॉडेल करताना त्यांच्यावर पांढरी पूड उडवतात, तशी थोडी टाल्कम पावडर लावू.

शालूबाईंनी पदर तोंडाला लावला. "वीरआप्पाला पावडर? लगीन काढलंय काय त्याचं?"

आतून रचनाचं हसणं ऐकू आलं. सर खाली बघत होते. शालूबाईंनी मग समजुतीच्या सुरात सांगितलं की त्याला चालतो तो फक्त भंडारा, आणि तोही वर्षातून एकदा, जत्रेला. भंडारा म्हणजे हळदीची पूड. बिरोबाची पालखी निघते तेव्हा ती मुठीमुठीनं उधळतात. गाव दोन दिवस पिवळं असतं.

मी विचारलं, तेल लावलेल्या दगडावर भंडारा टिकतो का. त्या म्हणाल्या, टिकतो म्हणजे काय, आठ दिवस हलत नाही. मी सरांकडं बघितलं. हळदीची पूड बारीक असते, चमकत नाही, आणि मुठीनं उधळली की कुठं दाट कुठं विरळ पडते, म्हणजे दगडभर नवे ठिपके. सॉफ्टवेअरला याहून चांगलं काही मागता आलं नसतं. पण जत्रा होऊन गेली होती.

सरांनी चहाची बशी खाली ठेवली. वर्गात धडा सुरू करताना ते जसे घसा साफ करतात तसा केला. "आक्का, पालखी वेशीभाईर पडती तवा आपण भंडारा का उधळतोय?"

"निघाला म्हनून."

"मग वीरआप्पा बी निघालाय की. जलमात पयल्यांदा गावाभाईर."

शालूबाईंनी विचार केला आणि माझ्याकडं वळल्या. खरंच जातोय का, हे त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं. सर माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होते. पण मला खोटं सांगता येईना. मी म्हणाले की दगड इथंच राहणार, हलणारही नाही. जाणार तो फक्त त्याचा आकार, मोबाईलच्या टॉवरवरून.

"म्हंजे रूप जानार."

"हो."

"रूप गेलं म्हंजे त्योच गेला की गं पोरी." त्या उठल्या आणि कोनाड्यातली पिशवी काढून हातानं तिचं वजन बघितलं. "मग ढोल लागंल. मुकाट्यानं न्हाय पाठवायचा. आनि पयली मूठ माझी." दारापर्यंत आल्यावर त्यांनी आणखी एक विचारलं, तो परत कधी येणार. मी सांगितलं, सोमवारी सकाळी.

शनिवारी कट्ट्यापाशी आमच्याआधी रवळू आला होता. तो शालूबाईंचा धाकटा दीर, जत्रेत ढोल वाजवणारा. ढोल गळ्यात, पायात चपला नाहीत. हेडमास्तरांनी यायचं नाही असं ठरवलं होतं, पण ढोलाचा आवाज ऐकून तेही आले. मी मुलांना बजावलं की भंडारा दगडावर टाकायचा, एकमेकांवर नाही, आणि वरून हलका सोडायचा, म्हणजे पातळ बसेल. शालूबाईंनी पहिली मूठ टाकली. हात फक्त मनगटातून हलला आणि पूड हवेत पसरून धुक्यासारखी दगडावर उतरली. "बिरोबाच्या नावानं," त्या म्हणाल्या, आणि एकतीस मुलं एकदम "चांगभलं" म्हणाली.

त्यापुढं माझी सूचना कुणी पाळली नाही. सरांचा पांढरा शर्ट मागून पिवळा झाला, तो पुढून पिवळा करायला मुलं वळसा घालून गेली. शेजारच्या खळ्यात तंबाखू वाळत होता. त्याचा वास आणि हळद मिळून जो तो शिंकत होता. हेडमास्तर सगळ्यांत जास्त. हवेतली पूड खाली बसेपर्यंत मी कुणाला टॅबलेट काढू दिला नाही. बसली तेव्हा वीरआप्पाची चकाकी पार गेली होती. तो पिवळा, कोरडा, ठिपक्याठिपक्यांचा झाला होता.

शुक्रवारी मुलं फोटो काढताना कधी धावली होती, कधी एका जागीच थांबली होती, त्यामुळं अंतरं कमीजास्त पडली होती. आता रवळूचा ढोल होता. मी त्याला विचारलं, एकसारखा, सावकाश ठेका धरता येईल का. तो म्हणाला, पालखीचाच धरतो. त्या ठेक्यावर पाऊल चुकत नाही. मग एक ठोका, एक पाऊल, एक फोटो. एक फेरी बसून, एक उभ्यानं, एक शाळेतून आणलेल्या बाकांवर चढून. गावातली माणसं कट्ट्याभोवती जमली आणि कुणीतरी विचारलं की पोरं कुठला नाच बसवतायत.

बसून फेरी घेताना रचना ठोक्याला थांबली आणि पुढं सरकलीच नाही. तिच्या मागची तीन मुलं तिच्यावर आपटली. ती टॅबलेटवर दोन बोटांनी चित्र मोठं करत होती. उंचवट्यांवर हळद बसली होती आणि खोलगट भाग काळेच राहिले होते, त्यामुळं खालची चौकट शाईनं रेखाटल्यासारखी उठून दिसत होती.

"सर," ती म्हणाली, "घोड्याला शिंगं असत्यात व्हय?"

ढोल थांबला. कृष्णात सर आले. त्यांनी आधी पडदा बघितला, मग गुडघ्यावर बसून दगड बघितला, मग पुन्हा पडदा. माणसाच्या मागं एक नव्हे, तीन जनावरं होती, एकामागं एक, आणि तिघांना शिंगं होती. सरांनी शिंगं एकेक करून मोजली. उठले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांवर तेल आणि हळद होती.

त्यांनी वर्ग तिथंच घेतला. गुरं म्हणजे गावाची संपत्ती होती. दुसऱ्या गावचे लोक ती हाकून न्यायला यायचे, आणि ती सोडवताना जो पडला त्याचा असा दगड उभा राहायचा. अशी गुरं कोरलेले वीरगळ बऱ्याच गावांत आहेत. म्हणजे हा राजाच्या लढाईत मेला नव्हता. तो इथल्याच एका सकाळी, इथल्याच गाईंमागं धावला होता. "मी इतकी वरसं तुमच्या आधीच्या पोरांना घोडा सांगितला," ते म्हणाले. "त्यांना आता घरोघर जाऊन शिंगं लावून यायला पायजेत."

सौरवनं हात वर केला. "सर, सहामाहीला मी बैल लिहिलतं. तुम्ही काट मारली. त्यो मार्क द्या आता."

"बैल न्हाय रं, गाय हाय ती."

"मग अर्धा तरी द्या."

सरांनी खिशातून पेन काढलं आणि सगळ्यांसमोर त्याच्या तळहातावर अर्धा मार्क लिहून दिला. शालूबाईंना कुणीतरी सांगितलं की घोडा नाही, गाई निघाल्या. त्या म्हणाल्या, "असूदे की. तेल तेवढंच लागतंय." रवळूनं पुन्हा ठेका धरला आणि फेरी पुरी झाली. दुपारच्या आत फोटो गेले. पाठवताना मी मोजले: एकशे बावन्न.

सोमवारी सकाळी मी शाळेत पोचले तेव्हा शालूबाई आधीच वर्गाच्या दारात उभ्या होत्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. लांबून आलेल्या माणसाला ओवाळून आत घेतात, तसं घ्यायला. कृष्णात सर धुतलेला शर्ट घालून आले होते. पाठीवर अजून फिकट पिवळा डाग होता. ते टेबलाजवळ न येता खिडकीपाशी उभे राहिले आणि म्हणाले की तुम्हीच बघा, मला नका दाखवू. मुलं बाकांवर चढली होती. उरलेली चार मुलं आज सगळ्यांत पुढं होती, ती कुठल्या गटातली हे कुणी विचारलं नाही.

मी काच न तडकलेला टॅबलेट घेतला आणि निरोप उघडला. पडद्यावर चाक फिरत राहिलं. शालूबाईंनी उंबऱ्यावर पाणी ओतलं, भाकरीचा तुकडा टॅबलेटवरून तीनदा ओवाळला आणि बाहेर टाकला. मॉडेल आलं. रचनानं बोटानं ते फिरवलं, रंग काढून नुसता आकार ठेवला, आणि खालच्या चौकटीत सहा शिंगं एकामागं एक उजेडात आली. त्याच्या खाली एक ओळ होती. ती सौरवनं मोठ्यानं वाचली.

एकूण फोटो एकशे बावन्न, जुळलेले एकशे एकेचाळीस.